छोट्या खऱ्या गोष्टींचं पुस्तक, आणि आपल्या भागातली माणसं

तिसरं_रेल्वेगेट:
नमस्कार मंडळी.

गेल्या सोमवारी अप्पांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब. अप्पा म्हणजे पेपर चाळल्याशिवाय चहाला हात न लावणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांची घालमेल बघवेना, म्हणून रात्री जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. माळ्यावर एक पुस्तक सापडलं: इतिहासातल्या माणसांच्या छोट्या खऱ्या गोष्टी, एकेक दीड-दोन पानांची. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं गायब आहेत, त्यामुळं नाव विचारू नका.

पहिल्या रात्री वाचली ती लिंकनची. १८४९ साली त्यानं एक पेटंट घेतलं होतं. नदीतली बोट वाळूत रुतली तर फुगणाऱ्या पिशव्यांनी ती वर कशी उचलायची, याचं. पेटंट नावावर असलेला अमेरिकेचा तो एकमेव अध्यक्ष. अप्पा म्हणाले, "आणखी एक." मग टायको ब्राहे. ग्रह-तारे मोजण्यात आयुष्य घालवलेला माणूस, पण १५६६ साली तलवारीच्या द्वंद्वात नाकाचा तुकडा गेला आणि पुढं जन्मभर धातूचं नाक लावून हिंडला. लोक चांदीचं समजत होते, २०१० मध्ये थडगं उघडून तपासलं तर पितळेचं निघालं. मग न्यूटन. लंडनच्या टांकसाळीचा अधिकारी झाल्यावर खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागं हात धुऊन लागला आणि त्यांच्यातला म्होरक्या चॅलोनर याला १६९९ मध्ये फासावर पोचवूनच थांबला.

तीन गोष्टी म्हणता म्हणता अकरा झाल्या. घरात इतकं हसू बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

चौथ्या रात्री अप्पांनी विचारलं, "आमच्याकडचं कोण नाही काय रे ह्यात?" पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. नाही.

म्हणून हा धागा. एक, अशी कुठली गोष्ट तुमच्या मनात घर करून बसली आहे? दोन, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल या पट्ट्यातली अशी कुठली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे? खरी हवी. अप्पा निवृत्त हेडमास्तर आहेत, खोटं लगेच पकडतात.

हिरण्यकेशी:
अप्पांना लवकर आराम पडो. दुसऱ्या डोळ्याचं पण लगेच करून घ्या, म्हणजे पुस्तक पुरं होईल!

रिसालदार_गल्ली:
माझ्या नावावरूनच कळलं असेल मी कुठली गोष्ट सांगणार ते.

१८९२ चा ऑक्टोबर. कोल्हापूरहून एक तरुण संन्यासी चिठ्ठी घेऊन बेळगावात आला आणि आमच्या गल्लीत वकील भाटे यांच्या घरी उतरला. पुढच्या वर्षी शिकागोला जाऊन तो जगाला माहीत झाला, पण त्या दिवशी तो भाट्यांच्या घरच्यांना कोड्यात टाकणारा पाहुणा होता. जेवण झाल्यावर त्यानं पान मागितलं, तंबाखूही मागितली. संन्यासी आणि तंबाखू! शाकाहारी आहात का, असं विचारलं तर म्हणाला, आम्ही परमहंस पंथाचे, समोर येईल ते खायचं.

भाट्यांचा मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. घाम गाळून सूत्रं डोक्यात बसवायचा, आणि हा पाहुणा तीच सूत्रं त्याच्यापेक्षा सफाईनं म्हणून दाखवायचा. त्या मुलानं मोठेपणी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे, म्हणून मला ती जास्त आवडते. जगप्रसिद्ध माणसाबद्दल लिहितानाही त्याला आठवतं काय, तर आपलं पाठांतर कच्चं ठरलं ते!

तिथून स्वामी विवेकानंद (आमचा पाहुणा तोच!) किल्ल्यात जंगल खात्याचे अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडं गेले. तिथं गप्पांच्या ओघात डिकन्सच्या एका विनोदी कादंबरीची पानंच्या पानं त्यांनी तोंडपाठ म्हटली. मित्र चाट पडले. किती वेळा वाचलीत, म्हणून विचारलं, तर दोनदाच. एकदा शाळेत असताना आणि एकदा पाच-सहा महिन्यांपूर्वी.

त्या मुक्कामात बेळगावात काढलेला त्यांचा फोटोही आहे. आमच्या गल्लीतलं ते घर आता स्मारक म्हणून जपलंय. अप्पांचा डोळा बरा झाला की घेऊन या, चहा माझ्याकडं.

खानापूरची_बाई:
वा, रिसालदार! मी मराठी शाळेत शिकवते. चौथी-पाचवीचा वर्ग एकत्र बसतो, सगळी मिळून सतरा पोरं. दोन वर्षांपासून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक गोष्ट लिहिते, माणसाचं नाव न लिहिता. मधल्या सुट्टीपर्यंत ओळखायचं. मग नाव लिहायला ज्याला आलं त्याच्या हातात खडू.

मागच्या पावसाळ्यात आनंदीबाई जोशींची लिहिली होती: "मी डॉक्टर झाले. माझ्या अस्थी अमेरिकेत एका कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. माझं नाव शुक्रावरच्या एका विवराला दिलं आहे. मी कोण?" कुणालाच येईना. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, फळा नीट दिसेना. मी नाव सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, उठून म्हणाली, "बाई, म्हणजे शुक्राची चांदणी दिसली की तिथं एक जोशी आहे काय?" त्या दिवसापासून ती रोज बोलते.

म्हणून मला ही पुस्तकं मनापासून हवीत. चार प्रकरणांचा इतिहास पोरं परीक्षेपुरता वाचतात आणि विसरतात. असली एक गोष्ट मात्र घरी जाऊन आजीला सांगतात.

दप्तरदार:
बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडं विरोधी बोलतो.

माझी चाळीस वर्षं जुनी कागदपत्रं वाचण्यात गेली. असल्या गोष्टींच्या पुस्तकांची मला भीती वाटते. गोष्ट जितकी गोड तितकी ती हातोहात पसरते आणि खरंखोटं कुणी बघत नाही. टिळकांची शेंगांची गोष्ट घ्या. पिढ्यानपिढ्या शाळेत सांगितली जाते, पण त्या वर्गात बसलेल्या कुणी ती लिहून ठेवली आहे का, हे आपण कधी विचारतो? उलट कॉलेजचं पहिलं वर्ष टिळकांनी अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घालवलं आणि त्या वर्षी नापास झाले, ही चरित्रकारांनी नोंदवलेली गोष्ट. ती पोरांना कुणी सांगत नाही. सांगायला काय हरकत आहे? नापास झालेला तोच मुलगा पुढं लोकमान्य झाला, आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग स्थापन केली तीसुद्धा आपल्या बेळगावात.

न्यूटनच्या सफरचंदाचं तेच. डोक्यावर पडलं वगैरे नंतरची भर. पण सफरचंद झाडावरून पडताना बघून विचार सुचला, हे म्हातारपणी न्यूटननं स्वतः स्टूकली या मित्राला बागेत चहा घेताना सांगितलं होतं, १७२६ मध्ये. स्टूकलीनं ते लिहून ठेवलं. म्हणजे गोष्ट खरी, टेंगूळ खोटं.

माझी कसोटी साधी आहे. सांगणारा तिथं हजर होता का? नसला तर ज्याच्याकडून ऐकलं तो होता का? आणि लिहिलं कधी, चार वर्षांनी की शंभर? रिसालदारांची गोष्ट या कसोटीला उतरते, कारण मुलगा घरात होता.

निपाणीकर:
दप्तरदारकाका, कसोटी पटली. आता ही तपासून घ्या.

आमच्या घरापासून कोल्हापूर तासाभरावर, त्यामुळं शाहू महाराजांच्या गोष्टी आम्ही अंगाखांद्यावर खेळवल्यासारख्या ऐकल्या. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत कामाला. पिण्याच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून इतरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगारामनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामला सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर, पैसे मी देतो. कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल निघालं, नाव 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला येणार कोण? तर महाराज आपली गाडी नेमकी तिथं थांबवायचे, मोठ्यानं हाक मारून चहा मागवायचे. स्वतः प्यायचे आणि बरोबर बसलेल्या सरदार-अधिकाऱ्यांनाही द्यायला लावायचे. छत्रपती पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

कायदे तर त्यांनी पुष्कळ केले. माझ्या डोळ्यांपुढं मात्र नेहमी तो कप येतो. आणि १९२५ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब आंबेडकर आमच्या निपाणीत परिषदेला आले, तेव्हा त्या चहाला फार वर्षं झालेली नव्हती, हेही लक्षात ठेवा.

हिरण्यकेशी:
हे वाचून उठलो आणि चहा टाकला. खरंच.

तंबोरा:
१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाबद्दल अजून कुणी लिहिलं कसं नाही? गांधीजी अध्यक्ष झालेलं आख्ख्या आयुष्यातलं एकमेव अधिवेशन, आणि ते टिळकवाडीत. त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे. मोठ्यांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, मी एका लहान मुलीची सांगते.

अधिवेशनात स्वागतगीत म्हणायला धारवाडकडच्या काही मुली आणल्या होत्या. त्यातली एक अकरा वर्षांची. समोर गांधीजी बसलेले. पण त्या मुलीला गाण्याची भीती नव्हती, तिला धास्ती वेगळीच होती: आपण खालच्या जातीचे, गाणं झाल्यावर आपल्याला जेवणावळीची उष्टी काढायला लावतील की काय? मोठेपणी तिनं हे स्वतः सांगितलं. ती मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल.

मी गाणं शिकते. माझ्या गुरूंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा समोर तंबोरा लावून ठेवला होता आणि आम्ही दोघी बराच वेळ काही न गाता नुसत्या बसून होतो. गंगूबाईंचा तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज मी त्याआधीही ऐकला होता. त्यानंतर ऐकला तो वेगळाच.

आणि योग बघा, त्याच १९२४ च्या ८ एप्रिलला इथून जवळच सुळेभावीत शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मला. सात-आठ वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवायचा. ते ऐकून एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं, आणि जन्माचं नाव मागंच पडलं.

तिसरं_रेल्वेगेट:
तंबोराताई, काल रात्री ही वाचली. अप्पा गप्प बसले. मग म्हणाले, "अकरा वर्षांची म्हणजे आपल्या चिंगीएवढी." चिंगी माझी मुलगी. ती दाराशी उभी राहून ऐकत होती, ते आम्हाला तेव्हा कळलं.

पुण्यातली_बेळगावकरीण:
एवढा मोठा धागा झाला आणि कुंद्याचा विषय नाही? सगळे अस्सल बेळगावकर आहात ना?

रिसालदार_गल्ली:
ताई, कुंदा घेऊनच वाचत बसलोय. तुम्ही कधी येताय ते सांगा, एक डबा बाजूला काढून ठेवतो.

चंदगडी_घाट:
आमचं गाव महाराष्ट्रात, पण बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं बेळगावात. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळं सेंटरच्या परेड ग्राउंडची धूळ आमच्या घरातली.

माझी गोष्ट शिपाई नामदेव जाधव यांची. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. पलटण पाण्यातून पुढं गेली आणि पलीकडच्या बांधावरच्या तीन मशीनगननी जवळजवळ सगळी तुकडी कापून काढली. कंपनी कमांडर जखमी, आणखी दोन जण जखमी. नामदेव पळाले नाहीत. आधी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागं नेलं. परत आले, दुसऱ्यालाही तसंच नेलं. मग एकटेच परत फिरले आणि पहिल्या मशीनगनवर तुटून पडले. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातगोळे घेतले. तिन्ही मशीनगन बंद पाडल्या. आणि मग, वर तोफगोळे फुटत असताना, बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांची घोषणा दिली आणि मागच्यांना हात करून बोलावलं.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दप्तरदारकाका, हे सगळं त्या पदकाच्या अधिकृत मानपत्रात आहे, तुमच्या कसोटीला उतरेल.

वडील ही गोष्ट सांगताना बाकी सगळं बसून सांगायचे, आणि घोषणेपाशी आले की उभे राहायचे. शेवटी शेवटी गुडघे दुखायचे तरी उभे राहायचे. आम्ही धरायचो.

दप्तरदार:
उतरली. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

एकसंब्याचा:
आमच्या गावचं एक छोटंसं. जी. ए. कुलकर्णी १९२३ साली आमच्या एकसंब्यात जन्मले. शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडात. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा भांडत न बसता पुरस्कार परत करून मोकळे झाले. आज कुणी करेल?

मलप्रभाकाठ:
मी बैलहोंगल भागातला. घरी मराठी, शाळा कन्नड. त्यामुळं आमच्या भागातली प्रत्येक गोष्ट मला दोन भाषांत दोन प्रकारे ऐकायला मिळाली.

बेळवडीची गोष्ट दोन्हीकडं सांगतात. १६७८, दक्षिण दिग्विजयाहून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्यानं बेळवडीच्या गढीला वेढा घातला. गढी देसायाची, तो पडल्यावर लढली त्याची बायको. कन्नडमध्ये ती मल्लम्मा, मराठीत सावित्रीबाई. एवढीशी गढी, पण २७ दिवस झुंजवली. कन्नड शाळेत गुरुजी सांगायचे तेव्हा जोर मल्लम्मेवर. घरी आजोबा सांगायचे तेव्हा जोर महाराजांनी तिला दिलेल्या सन्मानावर आणि तिच्याशी गैरवागणाऱ्या सखोजी गायकवाडाला दिलेल्या शिक्षेवर. लहानपणी मला वाटायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मोठेपणी राजापूरच्या इंग्रज वखारीतलं त्याच वर्षातलं पत्र वाचनात आलं. हे इंग्रज ना कन्नड ना मराठी. ते लिहितात की ज्यानं एवढी राज्यं जिंकली त्याला ही बाई देसाई आवरेना. आणि हे त्यांना सांगितलं ते महाराजांच्याच बाजूकडून आलेल्या माणसांनी!

धारवाडजवळच्या यादवाडला मारुतीच्या देवळाजवळ एक दगडी शिल्प आहे. महाराजांच्या मांडीवर लहान मूल, ते त्याला वाटीतून दूध पाजताहेत. ते मूल मल्लम्माचं आणि शिल्प तिनंच करवून घेतलं असं गावात सांगतात. मी बघून आलोय. दगड फार मोठा नाही. तेल-शेंदराच्या वासात, उकिडवं बसून बघावा लागतो. मांडीवरच्या पोराचा पाय तेवढा अगदी खऱ्या पोरासारखा लोंबकळता आहे. तिथल्या आजींनी मला कन्नडमध्ये विचारलं, कुठला रे तू? मी मराठीत विचार करत होतो आणि उत्तर कन्नडमध्ये दिलं. आजी म्हणाल्या, "मग दोन्ही तुझेच की."

दप्तरदार:
मलप्रभाकाठ, राजापूरच्या पत्राबद्दल अगदी बरोबर. अशी गोष्ट मिळाली की माझा विरोध गळून पडतो. शिल्पाबद्दल गाव काय सांगतं आणि पत्र काय सांगतं, हे तुम्ही वेगळं ठेवलंत, तेही आवडलं.

आता मीच एक देतो, किल्ल्याची. १४७२ च्या सुमारास बहमनींचा वजीर महमूद गावान यानं बेळगावचा किल्ला घेतला. भिंतीखाली सुरुंग खणून त्यात दारू ठासून उडवली, या भागात तेव्हा ते नवल होतं. पण गोष्ट ती नाही. हा माणूस इराणातून आलेला व्यापारी. एवढा मोठा झाला की दरबारातल्यांच्या डोळ्यांत सलायला लागला. त्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला, वर शत्रूला उद्देशून फितुरीचं पत्र लिहिलं आणि सुलतानाला दाखवलं. सुलतानानं १४८१ मध्ये त्याचं डोकं उडवलं. मग खजिना लुटायला माणसं गेली तर फारसं काही सापडेना. स्वतःचं खाणंपिणं तो आपल्या जुन्या व्यापाराच्या भांडवलातून चालवत होता, असं फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. सुलतानही वर्षभरातच पश्चात्तापात मेला.

कोऱ्या कागदावर शिक्का. दप्तरात काम करणाऱ्या माणसाला या गोष्टीनं झोप येत नाही.

खानापूरची_बाई:
काका, ही उद्या फळ्यावर. आणि एक सांगू? गोष्टींच्या पुस्तकाविरुद्ध बोलता बोलता तुम्हीच सगळ्यात चांगली गोष्ट सांगितलीत.

दप्तरदार:
बाई, गोष्टींविरुद्ध नव्हतो. पण मान्य, सांगताना मजा आली. फळ्यावर "सुमारास" हा शब्द पुसू नका, एवढीच विनंती.

निपाणीकर:
साताऱ्याच्या थोरल्या शाहूंच्या कुत्र्याची गोष्ट कुणाला माहीत आहे? खंड्या त्याचं नाव. वाघापासून धन्याला वाचवलं म्हणून त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. माहुलीला त्याची समाधी आहे, मी हात जोडून आलोय.

हिरण्यकेशी:
आमच्या घरचा मांजराला घाबरतो.

मलप्रभाकाठ:
धागा मूळ प्रश्नाकडं वळवतो. तिसरं_रेल्वेगेट, तुमच्या अप्पांसाठी मी एक खास राखून ठेवली होती.

कित्तूर. २३ ऑक्टोबर १८२४. राणी चन्नम्माच्या फौजेनं धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला मारलं, हे आपल्याकडं पोराला पण ठाऊक आहे. (इंग्रजी कादंबरीकार थॅकरेचा हा सख्खा चुलता.) त्या दिवशी दोन इंग्रज अधिकारी जिवंत सापडले, स्टीव्हन्सन आणि एलियट. वॉल्टर एलियट तेव्हा एकवीस वर्षांचा. जवळजवळ सहा आठवडे कित्तूरच्या कैदेत होता. बाहेर इंग्रजांची मोठी फौज गोळा होत होती. राणीच्या लोकांनी मनात आणलं असतं तर त्याचं काय झालं असतं? पण त्याला नीट वागवलं आणि डिसेंबरमध्ये सुखरूप सोडलं. त्यानंतर कित्तूर पडलं, राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद झाली आणि २ फेब्रुवारी १८२९ ला तिथंच गेली. तिची समाधी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आता पुढचं. हा सुटलेला पोरगा काय झाला? याच मुलखात राहून तो जुनी कन्नड शिकला. गावोगावचे शिलालेख उतरवून घेत हिंडला. ५९५ लेखांच्या नकला त्यानं जमवल्या. चालुक्य, कदंब, कल्याणीचे राजे, यांचा इतिहास त्या नकलांच्या आधारानं पहिल्यांदा नीट मांडला गेला. कित्तूरच्या कोठडीत असताना त्याचं बरंवाईट झालं असतं तर आपल्या देवळांच्या भिंतींवरची किती अक्षरं पाऊस-पाण्यात तशीच झिजून गेली असती, कोण जाणे.

आणि हे अप्पांसाठी. एलियट म्हातारपणी स्कॉटलंडला परतला. आधीपासून नजर अधू, शेवटी जवळजवळ दिसेनासंच झालं. त्या अवस्थेत त्यानं दक्षिण हिंदुस्थानातल्या नाण्यांवरचा ग्रंथ पुरा केला, १८८५ साली. नाणं म्हणजे डोळ्याला भिंग लावून बघायची वस्तू! १८८७ मध्ये वारला, त्या दिवशी सकाळीसुद्धा तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथाबद्दल तमिळचे अभ्यासक पोपसाहेब यांना पत्र सांगून लिहून घेतलं आणि सही स्वतः केली.

तंबोरा:
दोनदा वाचलं. मलप्रभाकाठ, हे कुठंतरी नीट लिहून ठेवा हो.

पुण्यातली_बेळगावकरीण:
चन्नम्मा सर्कलला आयुष्यभर रिक्षा पकडली आणि मला एलियट माहीत नव्हता.

तिसरं_रेल्वेगेट:
मंडळी, उशिरा लिहितोय. काल रात्री मलप्रभाकाठ यांची गोष्ट वाचून दाखवली. पुस्तक बाजूला ठेवलं होतं, मोबाइलवरूनच वाचली. "जवळजवळ दिसेनासंच झालं" इथं आलो तसे अप्पा खुर्चीत सावरून बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "शेवटचं परत वाच." परत वाचलं. मग उठले आणि चिंगीची वही-पेन मागितलं. मी म्हटलं, अप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय ना. तर म्हणाले, "मी कुठं लिहितोय? मी सांगतो, ती लिहील."

साडेदहापर्यंत चिंगी लिहीत होती. वहीच्या पहिल्या पानावर नाव घातलंय: आमच्याकडच्या गोष्टी. त्याखाली तुमच्या सगळ्यांच्या, प्रत्येकीपुढं कंसात कुणी सांगितली ते आणि "आधार" असा वेगळा रकाना. दप्तरदारकाका, तो रकाना तुमच्यामुळं. शेंगांच्या गोष्टीपुढं अप्पांनी रकाना कोरा ठेवायला लावलाय. चिंगीनं "कुळकर्णी" लिहिलं होतं, ते खोडून "कुलकर्णी" करायला लावलं, डोळ्यावर पट्टी असताना! शब्द कसा लिहिला ते तिला मोठ्यानं वाचायला लावत होते.

आज सकाळी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, छान आहे, धूळ टाळा, काळा चष्मा लावा, गाडीतून फिरायला हरकत नाही. घरी येईपर्यंत अप्पांनी बेत ठरवलाही. पुढच्या रविवारी कित्तूर, तिथून बैलहोंगलची समाधी, वेळ उरला तर यादवाड. सकाळी सहाला निघतोय. मागं दोन जागा आहेत. दप्तरदारकाका, येणार असाल तर दुसऱ्या गेटपाशी थांबा, तिथून घेतो. मलप्रभाकाठ, समाधीजवळ आम्हाला भेटा. आई शेंगाचटणी आणि भाकरी बांधून देणार आहे, वही चिंगीकडं असेल.

मलप्रभाकाठ:
येतो की. आठला समाधीच्या फाटकाशी उभा असतो. अप्पांना म्हणावं, तिथल्या पाटीवरची कन्नड मी वाचून दाखवीन.